पूर्ण घसारा

घसारा हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. आणि तो मला रोज ऐकावा लागतो, कारण मी नौपाड्यात एका करसल्लागाराकडे नोकरी करते. मशीन वापरून झिजतं, म्हणून त्याच्या किमतीतला काही भाग दरवर्षी नफ्यातून वजा करायचा आणि तेवढ्यावर कर भरायचा नाही, तो घसारा. पवनचक्कीला सरकार तो सढळ हाताने देतं. अट एवढीच की चक्की सप्टेंबरअखेर फिरायला लागली पाहिजे. ते हुकलं आणि मार्चपर्यंत फिरली, तर त्या वर्षी निम्माच. त्यामुळे पंख्याखाली बसूनही वारा कुठून येतो हे ज्यांना सांगता येणार नाही, असे आमचे अशील साताऱ्याकडच्या पठारावर चक्क्या घेतात. सप्टेंबरात आमच्याकडे फोनवर एकच प्रश्न असतो, फिरली का?

माझा पवनचक्कीवर राग नाही. धुरापेक्षा वारा बरा, एवढं मलाही कळतं. भाषणांतून हरित रोजगार म्हणतात, म्हणू देत. पण तो हरित रोजगार आमच्या घरात होता, म्हणून सांगते.

माझा दादा मानपाड्याच्या एमआयडीसीत फायबरच्या कारखान्यात कामाला होता. पवनचक्कीच्या डोक्यावर, पंख्याच्या मागे जे खोलीएवढं कव्हर असतं ना, ते तिथे बनायचं. सप्टेंबर जवळ आला की डबल ड्युटी. पत्र्याची शेड, हातात ग्राइंडर आणि हवेत काचेची बारीक भुकटी. तोंडाला रुमाल बांधून पोरं काम करायची. मास्क मागितले की सुपरवायझर म्हणायचा, "एवढा माल जाऊ दे, मग बघू." आई दादाचे कपडे दाराबाहेरच भिजवायची, तरी तिचे हात खाजायचे.

आमचं खाडीकाठचं कोळ्यांचं गाव. हिवाळ्यात मैदानावर टेनिस बॉलचे सामने होतात आणि माइक दादाच्या हातात असायचा. कुणाचा कॅच सुटला की तो त्याची अशी बिनपाण्याची करायचा, की फिल्डिंग करणारेही हसत सुटायचे. एका सप्टेंबरात, डबल ड्युटी चालू असताना, हा आवाज बसला. हळद झाली, ज्येष्ठमध झालं. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, धूळ बंद करा, नाहीतर आवाज परत येईल याची खात्री मी देत नाही.

खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा असते आणि घरच्यांनाही बोलावतात. शेठनी स्वतःही एक चक्की घेतली होती. पेढे वाटताना ते माइकवर म्हणाले, "सगळ्यांच्या मेहनतीमुळे यंदा आपल्याला पूर्ण घसारा मिळाला. सरकारचे आभार." टाळ्या झाल्या. आईने सगळ्यांत जोरात वाजवल्या. मला वाटलं, पेढ्याचा आनंद.

पुढच्या आठवड्यात ती मला म्हणाली, चल, शेठना भेटू. दादाच्या सुट्टीचं बोलायचं असेल म्हणून मी गेले. केबिनमध्ये शेठ, सुपरवायझर आणि अकाउंटचे दोघे होते. आई खुर्चीत बसलीच नाही. म्हणाली, "शेठ, तुमी पूजेला बोललात ना, सरकारनं घसारा दिला. माझे पोराचा घसा गेलाय. त्याचा काय तो घसारा द्या, दवा करायची हाय."

आधी कुणाला कळेना. मग अकाउंटवाल्याला हसू फुटलं आणि पाठोपाठ सगळ्यांना. शेठ डोळे पुसत म्हणाले, "मावशी, तो घशाचा नसतो. मशीन झिजते त्याचा असतो."

"तुमची चक्की झिजली?"

"नाही हो, नवीकोरी आहे."

"मंग तिला काय झालंय?"

शेठनी माझ्याकडे बोट केलं. "तुमच्या मुलीला विचारा, ती याच लाइनीत आहे." आणि दादाला आराम करू द्या, काम वाढलं की बोलावू, असं सांगून त्यांनी बेल दाबली. आराम म्हणजे बिनपगारी. औषधाचं नावही निघालं नाही.

रिक्षात आईने मला खरंच विचारलं. मी समजावलं, कायद्यात काय आहे, कशासाठी आहे. बोलता बोलता माझ्याच अंगाची लाही लाही होत होती. सवलत देताना चक्की कोणत्या तारखेला फिरली हे सरकार विचारतं. ती बनवताना कोण काय श्वासात घेत होतं, हे कुणीच विचारत नाही. आई म्हणाली, "म्हंजे शब्द आपला, पैसं त्यांचं."

त्या हिवाळ्यात माइक दुसऱ्याकडे गेला. दादा मैदानाच्या कडेला बसायचा आणि सामना संपायच्या आत उठून यायचा. डॉक्टर म्हणाले, वाट बघा.

फेब्रुवारीत सुपरवायझरचा फोन आला. मार्चची घाई सुरू झाली होती. दादाने फोन स्पीकरवर टाकला आणि हॅलो म्हणाला. परत म्हणाला. आम्हाला शेजारी बसूनही जेमतेम ऐकू येत होतं.

"अरे, आवाज येत नाही तुझा," सुपरवायझर ओरडला. "रेंजमध्ये ये जरा."

आईने मासळीचे हात पदराला पुसले आणि फोन त्याच्याकडून घेतला.

"रेंज हाय," ती म्हणाली. "आवाज तुमचेकडं राहिलाय."