पद्माक्काच्या दोन शोकसभा

पद्माक्का गेल्याचं गंगव्वानं फोनवर कळवलं. "मास्तर, आक्का गेली. या लवकर. भाषान तेवढं करू नगासा." शहापूरहून निपाणीची बस धरली तेव्हा मला रडू आवरत नव्हतं. आता सहा आठवडे झालेत. रडू ओसरलं, उरलाय तो संताप… आक्का जिवंत असताना ज्यांनी तिच्या नाटकाला कधी हॉल दिला नाही, त्यांनीच एका संध्याकाळी तिच्या दोन शोकसभा घेतल्या. एक मराठी, एक कन्नड. मराठी सभेला गंगव्वाला बोलावणं नव्हतं, कन्नड सभेला शांताला नव्हतं. आक्काच्या नाटकांतून या दोघी जन्मभर सासूसुना झाल्या होत्या.

आक्का निपाणीतल्या जैन घरातली. वडिलांची तंबाखूची वखार रिकामी पडली, तेव्हा विड्या वळणाऱ्या चार बायकांना घेऊन तिनं तिथं नाटक सुरू केलं. मांडीवर सूप, हातात विडी आणि तोंडात संवाद, अशी तालीम चालायची. पुढे शहापूरचे विणकर आले, खानापूरकडच्या मुली आल्या, वखार अपुरी पडू लागली. तिचा नियम एकच होता, घरची भाषा स्टेजवर बोलायची नाही. म्हणून मराठी शांता कन्नड सासू व्हायची आणि कन्नड गंगव्वा मराठी सून. "आपली भाषा काय, कुनीबी बोलतंय. दुसऱ्याची बोलून बघ, मग कळतंय त्येच्या पोटात काय दुकतंय," आक्का म्हणायची. गंगव्वाच्या मराठीला लोक पहिल्यांदा खदाखदा हसले. तिसऱ्या प्रवेशाला तेच लोक डोळे पुसत होते.

आता माझंही सांगतो. मी आक्काच्या नाटकसंस्थेचा कार्यवाह. एका स्पर्धेत एकाच भाषेतलं नाटक चालणार होतं. मी शहाणपणा केला. कन्नड संवाद मराठीत आणले, गंगव्वाची भूमिका काढून एका शुद्ध बोलणाऱ्या बाईला दिली. आम्हाला ढाल मिळाली. ती मिरवत वखारीत गेलो, तर आक्कानं मानसुद्धा वर केली नाही. "ठेवा तिकडं. आनि गंगव्वाच्या घरी जाऊन सांगा, तिचं काय चुकलं." मी गेलो नाही. गंगव्वा वर्षभरानं आपणहून परत आली, आणि मी तो विषयच टाळला. मला आज ज्यांचा राग येतो, त्यांच्या पंक्तीला मी एकदा जेवून आलोय.

मराठी सभेत अध्यक्ष रुमाल डोळ्यांना लावून बोलले. याच गृहस्थांनी हॉल नाकारताना आक्काला सुनावलं होतं, "बाई, आधी तुम्ही कुणाच्या ते ठरवा." सभा संपल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, मराठी मंडळी वेगळी काढा. हॉल आमच्याकडे लागला." मी हात झटकला आणि तडक वखारीत गेलो. तिथं सगळे जमले होते. पलीकडच्या सभेवाल्यांनी गंगव्वालाही हेच आमिष दाखवलं होतं. मी तिच्यासमोर उभा राहिलो. "गंगव्वा, त्या वेळी तुझं काही चुकलं नव्हतं."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "आक्का असताना बोलायचं हुतं."



तालीम चालू आहे. आक्काची खुर्ची अजून भिंतीकडे तोंड करून आहे. तालमीत ती आमच्याकडे पाठ करूनच बसायची. माणूस दिसलं की आडनाव आठवतं, म्हणून नुसतं ऐकायची. गेल्या आठवड्यात दोन्ही सभांचे लोक ती खुर्ची मागायला आले, स्मारकात ठेवायला. दोघांचे आवाज चढले, तशी शांता सूप बाजूला ठेवून उठली.

"न्ह्या की. पर आधी हिच्यात बसा, भितीकडं तोंड करून. आमी बोलतो. कोन मराठी, कोन कन्नड, वळखून दावा."

एकही जण बसला नाही.