दार उघडणारा गोलरक्षक

लॉर्न पॉल्युक आणि मी एकोणीस वर्षं एकाच काउंटरमागे उभे आहोत. आम्ही ट्रॅक्टर, पेरणीयंत्रं आणि कापणीयंत्रांचे सुटे भाग विकतो. शेतकरी काळंकुट्ट लोखंड घेऊन येतो, म्हणतो, "असलंच एक दे." मी ते पुसते, नंबर शोधते आणि आतून तसलंच आणून देते. मला जगातल्या प्रत्येक वस्तूला नंबर लागतो. नंबर नसलेल्या गोष्टींचा मला राग येतो आणि लॉर्नची ती हॉकी लीग नेमकी तसली गोष्ट आहे. म्हणजे नंबर आहेत, खंडीभर आहेत, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही.

इथे कॅनडात, सस्कॅचवानमध्ये हॉकी म्हणजे बर्फावरची, हे काही सांगायला नको. पण लॉर्नची लीग बर्फावर नाही, ती संगणकात आहे. जगभरातले दोनेकशे लोक तिचे सभासद. प्रत्येकाने आपल्या मनाचा एक खेळाडू निर्माण करायचा. दर आठवड्याला लीगने दिलेलं काम करायचं, म्हणजे लेख लिहायचा, निकालांचे अंदाज सांगायचे. त्याचे गुण मिळतात. ते गुण खेळाडूच्या अंगी लावायचे, थोडी चपळाई, थोडी नजर, थोडे हात. मग सामना होतो आणि तो संगणक एकटाच खेळतो. कुणी काठी हलवत नाही, बटण दाबत नाही. सगळे नुसते बघत बसतात.

"मग तू करतोस काय?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"काळजी," लॉर्न म्हणाला.

त्याच्या गोलरक्षकाचं नाव नेस्टर पॉल्युक. हे त्याच्या आजोबांचं नाव. आजोबांनी जन्मात स्केट पायात घातले नव्हते, पण हा नेस्टर दोन वर्षांत अकरा मोसम जाळीसमोर उभा राहिला. त्या लीगमध्ये मोसम दोन महिन्यांचा आणि दर मोसमाला खेळाडूचं वय एक वर्षाने वाढतं. दहाव्या मोसमानंतर कमावलेलं बळ आपोआप उतरायला लागतं. नेस्टरचा हा शेवटचा मोसम होता आणि करंडक त्याने एकदाही उचलला नव्हता. त्याचा संघ लॅब्राडॉर लून्स. लॉर्न त्याचा व्यवस्थापकही होता. त्याने संघ हातात घेतला तेव्हा बारा संघांत लून्स बारावे होते, मग नववे झाले, पाचवे झाले आणि आता दुसरे.

ते वर कसे आले, हे लॉर्नला माहीत नाही. मी त्याची वही पाहिली आहे. 'चपळाई वाढवली, गोल जास्त बसले. नजर वाढवली, काहीच नाही. दोन आठवडे आजारी होतो, काही केलं नाही, सलग सहा जिंकलो.' खाली लाल पेनाने मोठं प्रश्नचिन्ह. अशा तीन वह्या भरल्या होत्या.

लॉर्नला एवढी काळजी का, ते मला मागच्या हिवाळ्यात कळलं. लहानपणी तो गावच्या संघात गोलरक्षक होता, राखीव. चष्म्याचा नंबर असा की समोरचा माणूस की खांब याचाच त्याला पत्ता नसे. तीन हिवाळे त्याने पूर्ण पोशाख चढवला आणि एक मिनिटही खेळला नाही. राखीव गोलरक्षकाला एकच काम असतं. बर्फाभोवतीच्या कठड्याला बाकड्यासमोर एक दार असतं, खेळाडू बदलताना ते उघडायचं आणि लावायचं. थंडीत त्या दाराची कडी गोठायची. एकदा ती अडकली, बर्फावर उतरायचा आपला खेळाडू बाकड्यापाशीच अडकला आणि तेवढ्यात गोल झाला. प्रशिक्षक अख्ख्या रिंकसमोर ओरडला, "पॉल्युक, एक दार! तुला एक दार सांभाळता येत नाही?" हे सांगताना लॉर्न हसला, पण चष्मा पुसायला त्याने फार वेळ लावला. मला त्या प्रशिक्षकाचा राग आला. त्याला मरून वीस वर्षं झाली, तरी आला.

तर एप्रिल संपत आला होता. चिखल वाळायला लागला, पेरणीची घाई सुरू झाली आणि काउंटरवर पाय ठेवायला जागा उरली नाही. त्याच आठवड्यात लून्सची उपांत्य फेरी होती, रोज दुपारी एक सामना. लॉर्नला फोनवर निकाल बघण्यापुरतीच उसंत मिळे. लून्स जिंकले. परत जिंकले. चारच्या चार जिंकले.

"लोक म्हणतायत, काय धाडसी निर्णय घेतलास," लॉर्न खुशीत होता.

"कसला निर्णय?"

"कुणास ठाऊक. मी दुसऱ्या फळीत एक पोरगा बदलला होता, त्याचंच असेल."

शुक्रवारी दुपारी जरा सामसूम होती. तो सँडविच खात संगणकासमोर बसला आणि खायचा थांबला. मला वाटलं घास अडकला. मी पाठीत थाप मारायला गेले.

"बर्निस," तो म्हणाला, "मी खेळलोच नाही गं."

झालं होतं असं. कोण कुठे खेळणार याची यादी सामन्यांआधी व्यवस्थापकाने पाठवायची असते. साखळीतल्या शेवटच्या, बिनमहत्त्वाच्या सामन्यात लॉर्नने नेस्टरला विश्रांती दिली आणि राखीव गोलरक्षकाला जाळीत उभं केलं. मग पेरणीच्या गडबडीत नावं पुन्हा फिरवायची राहून गेली. चारही सामने राखीवच खेळला. त्या राखीवाचं नाव बिस्किट. तो ओडिल आर्सेनो नावाच्या बाईचा. ती तिकडे न्यू ब्रन्सविकला हॉस्पिटलच्या धुलाईघरात काम करते, तीन महिन्यांपूर्वी लीगमध्ये आली आणि गोलरक्षकाला तिने आपल्या मांजराचं नाव दिलं. बिस्किटच्या अंगी नेस्टरच्या निम्मेही गुण नव्हते.

"म्हणजे तुझी अकरा मोसमांची मेहनत बाकड्यावर बसली आणि मांजर जिंकलं," मी म्हटलं. बोलून गेले आणि जीभ चावली.

"नेस्टर चार सामने दार उघडत बसला," लॉर्न म्हणाला.

"अरे, संगणकात दार नसतं."

"ते मला माहीत आहे," तो म्हणाला. पण चेहऱ्यावरून तसं वाटत नव्हतं.

अंतिम फेरी पाच सामन्यांची, समोर युकॉन रेव्हन्स. लॉर्नने नेस्टरला परत जाळीत उभं केलं. नेस्टर असा खेळला की पडद्यावर सरकणारी समालोचनाची पाटी 'नेस्टरने अडवला, नेस्टरने अडवला' म्हणून थकली. पहिल्या सामन्यात त्याने एकच गोल दिला. दुसऱ्यातही एकच. लून्सनी मात्र एकही मारला नाही, दोन्ही सामने शून्य-एक गेले. मग लॉर्नने बिस्किटला खेळवलं. बिस्किटने चार गोल खाल्ले आणि लून्स पाच-चार जिंकले. पुढच्यात तीन खाल्ले, लून्स चार-तीन जिंकले.

"चांगला अडवतो तेव्हा हरतो, वाईट अडवतो तेव्हा जिंकतो. हा काय खेळ आहे की लॉटरी?" माझ्या डोक्याचा भुगा झाला होता. "त्यापेक्षा जाळीत खुर्ची ठेवा."

"कदाचित नेस्टर मागे असला की पुढचे खेळाडू निर्धास्त होतात," लॉर्न म्हणाला, "आणि बिस्किट असला की जीव तोडून खेळतात."

"संगणकातले?"

"तसं नसेलही," तो म्हणाला. "मग कसं असेल?"

दोन-दोन. शेवटचा सामना गुरुवारी दुपारी साडेबाराला. बुधवारी लॉर्नने संघाच्या पानावर कबुली दिली, उपांत्य फेरीतला धाडसी निर्णय वगैरे काही नव्हता, माझ्याकडून नावं फिरवायची राहिली. कुणाचा विश्वास बसला नाही. 'किती हा विनय!' एकाने लिहिलं. उद्या कोण खेळणार, या प्रश्नावर निम्मे म्हणाले नेस्टर, निम्मे म्हणाले बिस्किट. लॉर्नने मलाही विचारलं.

"चालू मशीन उघडायचं नसतं," मी म्हटलं. "बिस्किटला खेळव. करंडक सगळ्या संघाचा आहे, एकट्या नेस्टरचा नाही."

तो मान हलवत राहिला. मी बरोबर बोलले होते आणि तरी मला वाईट वाटत होतं.

संध्याकाळी ओडिलचा निरोप आला. तिने बर्फावरचा सामना जन्मात पाहिला नव्हता. तिने विचारलं, "मी खेळत नसते तेव्हा माझा बिस्किट काय करतो?" लॉर्नने तिला दाराबद्दल लिहिलं, कडीबद्दल लिहिलं, त्या प्रशिक्षकाबद्दलही. तिने उत्तर दिलं, "मग उद्या ते काम मला द्या. तुम्ही जा जाळीत."

"ती म्हणते म्हणून संघाचं नुकसान करू का?" गुरुवारी सकाळी तो मला विचारत होता. "की मलाच पाहिजे आहे आणि मी तिचं नाव पुढे करतोय? बर्निस, माझं मलाच कळत नाही."

"मला काय विचारतोस? मी सांगितलं ते तू ऐकणार आहेस का?"

यादीची मुदत बारापर्यंत होती, बाराला दोन मिनिटं कमी असताना त्याने ती पाठवली. साडेबाराला पडद्यावर नावं आली. जाळीत नेस्टर पॉल्युक, राखीव बिस्किट आर्सेनो.

नेमका त्याच वेळी क्लिफर्ड आला. सहा फुटी म्हातारा, हातात पेरणीयंत्राचं फुटलेलं बेअरिंग. "बर्निस, लवकर दे गं, मशीन शेतात उभी आहे."

"थांब जरा."

"का? कोण खेळतंय?"

"लॉर्न खेळतोय."

क्लिफर्डने लॉर्नकडे पाहिलं. लॉर्न स्टुलावर बसला होता, हात मांड्यांखाली दाबून. "बसून?" क्लिफर्ड म्हणाला, पण त्याने टोपी काढली आणि काउंटरला टेकला.

रेव्हन्सच्या पहिल्याच फटक्यावर गोल झाला. लॉर्नने डोळे मिटले. मला काय झालं कुणास ठाऊक, मी ऑर्डरचा कागद ओढला आणि नेस्टरने फटका अडवला की एक रेघ मारायला लागले. लून्सनी एक फेडला. रेव्हन्सनी अजून दोन मारले. नेस्टर कधी नव्हे इतका वाईट खेळत होता, सोप्यातले सोपे फटके त्याच्या अंगाखालून जात होते. पण लून्स पेटले होते. तीन-तीन, चार-चार, पाच-पाच. "हा कसला रे गोलरक्षक, चाळणी नुसती!" क्लिफर्ड ओरडला आणि मी त्याच्यावर डोळे वटारले. शेवटचे चाळीस सेकंद उरले असताना लून्सचा सहावा गोल झाला. पाटी सरकली. 'नेस्टरने अडवला.' मी रेघ मारली. सामना संपला.

सहा-पाच. करंडक लून्सचा.

क्लिफर्डने टाळ्या वाजवल्या. लॉर्न हलला नाही. अभिनंदनं भराभर पडत होती आणि तो त्यांच्याकडे दुसऱ्याच्या नावाने आलेली पत्रं वाचावीत तसा बघत होता.

"नेस्टर अडवत होता तेव्हा हरलो," तो हळूच म्हणाला. "आज त्याने सगळं सोडलं आणि जिंकलो. बर्निस, मी नेमकं केलं काय?"

मी कागद त्याच्यापुढे सरकवला. "चौदा अडवलेस."

"पाच गेले."

"ते मी मांडले नाहीत."

तो रेघा मोजत बसला. एकदा मोजल्या, पुन्हा मोजल्या. तेवढ्यात ओडिलचा निरोप आला. त्याने वाचला, चष्मा काढला आणि फोन माझ्याकडे दिला. तिने लिहिलं होतं, 'सगळे खेळाडू वेळेवर आत गेले, वेळेवर बाहेर आले. दार एकदाही अडकलं नाही.'

लॉर्न उठला. "क्लिफर्डचं बेअरिंग आणतो," म्हणाला आणि आतल्या मांडण्यांत गेला. बराच वेळ आला नाही. क्लिफर्ड घड्याळ बघायला लागला. लॉर्न परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि हातात भलत्याच नंबरचं बेअरिंग होतं, चांगलं बोटभर मोठं. त्याने ते काउंटरवर ठेवलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी त्याला काही बोलले नाही. ते उचललं आणि आत जाऊन बरोबर नंबरचं घेऊन आले.