दादाच्या डेकचं तिरकं हेड

गल्लीतले सगळे तिला टेपवाली आत्या म्हणत. जुने टेप डेक दुरुस्त करणारं आता आसपास दुसरं कोणी उरलं नव्हतं, म्हणून तर दादा झक मारत तिच्याच दुकानात आला.

सख्खा भाऊ! अठराव्या वर्षी तिनं रेडिओच्या निवडीसाठी आपलं गाणं टेप केलं होतं. पाठवायच्या आदल्या दिवशी या गृहस्थानं त्याच कॅसेटवर स्वतःचं गाणं भरलं. मुदत टळली, लग्न झालं, तिचं गाणं सुटलं ते सुटलंच. चाळीस वर्षं तो राग तिनं निगुतीनं जपला होता.

"रविवारी माझा सत्कार आहे," दादा खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाला. "माझं सगळं गाणं याच डेकवर भरलंय. लोकांना ऐकवायचंय. हेड पुसून अगदी नव्यासारखं बसवून दे."

तिनं झाकण काढलं. टेपवर गाणं भरणारा आणि तेच वाजवणारा इवलासा तुकडा म्हणजे हेड; ते तिनं स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसलं. तपकिरी मळ निघता निघेना. मग भिंगातून बघितलं आणि तिला आनंदाच्या उकळ्या फुटायला लागल्या. हेड तिरकं होतं, कारखान्यातून निघालं तेव्हापासून! म्हणजे दादाचं सगळं गाणंही तिरकंच भरलेलं. तिरक्या हेडवर ते नीट वाजायचं, पण हेड सरळ केलं की बाकीच्या कॅसेट खणखणीत वाजणार आणि दादाच्या तेवढ्या घुसमटणार. हे गिऱ्हाइकाला आधी सांगायचं असतं. दुसऱ्या कोणाला तिनं सांगितलंही असतं.

तरी एक संधी दिली. "दादा, माझी ती रेडिओची कॅसेट आठवते?"

"कुठली गं?"

मेल्याला खरंच आठवत नव्हतं. तेच जास्त झोंबलं.

तिनं चाचणीची कॅसेट लावली, हेडचा स्क्रू केसभर फिरवला, कान देऊन पुन्हा केसभर. आवाज लख्ख झाला.

"वा! हात आहे हो तुझा!" म्हणत दादानं स्वतःची कॅसेट घातली. गोधडीखालून कोणी कण्हावं तसं काहीतरी ऐकू आलं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "बिघडवलंस का गं?"

"डेक आता बरोबर आहे. तुझं गाणंच वाकडं भरलंय."

"मग होतं तसं कर ना, बाई! जन्माचं गाणं आहे माझं त्यात!"

बसवलेला स्क्रू हलू नये म्हणून त्यावर नेलपॉलिश लावतात. आत्यानं खणातून बाटली काढली, स्क्रूच्या डोक्यावर एक थेंब टाकला आणि दादाकडे बघत, तो वाळेपर्यंत फुंकर घालत राहिली.