अरुणनं मागितलेली खोली

अरुण गेला तेव्हा आमच्या म्हसावदच्या घरी, पुढच्या खोलीत, बारा-तेरा माणसं बसलेली होती. पपईच्या भावावरून वाद रंगला होता आणि मीही त्यात हिरिरीनं बोलत होतो. माझी बायको चहा घेऊन आली, अरुणच्या खाटेशी वाकली आणि तिच्या हातातल्या ट्रेमधले कप वाजायला लागले… माझा धाकटा भाऊ भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून पांघरूण ओढून, आमच्या सगळ्यांच्या देखत कधीतरी निघून गेला होता आणि आमच्यातल्या एकालाही ते कळलं नव्हतं. या गोष्टीला आता दीड महिना झाला. त्या कपांचा आवाज अजून कानातून जात नाही.

अरुण पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. लग्न केलं नाही. मी बडबड्या, तो मुखदुर्बळ. चार माणसं घरात आली की हा काहीतरी निमित्त काढून गोठ्याकडे सटकायचा. तीन वर्षांपूर्वी सुरतेचा त्याचा एक मित्र परदेशी निघाला आणि त्यानं आपला पाळलेला बॉल पायथन अरुणच्या गळ्यात घातला. नोंदणीचे कागद वगैरे सगळं रीतसर. हा आफ्रिकेतला बिनविषारी अजगर, हाताएवढा जाड, आणि भित्रा इतका की घाबरला की अंगाचा गोळा करून डोकं आत लपवतो. सुरतेहून आला म्हणून मी त्याचं नाव ठेवलं शेठ. बायकोनं आठ दिवस माझ्याशी अबोला धरला, जसा काही तो मीच आणला होता.

शेठचं घर मात्र मी केलं. अरुण ड्युटीवर असताना शहाद्याहून सुतार बोलावला आणि सहा फुटी पेटी करून घेतली. चारही बाजूंनी काच, वर दिवे, आत ऐसपैस मोकळी जागा. पुढच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी, आल्यागेल्याला दिसेल अशी मांडली. मला वाटलं, अरुण खूश होईल. त्यानं पेटीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "दादा, हाई घर तू सापसाठे बनाडं का गावसाठे?"

गाव लोटलं होतं हे खरं. पोरंबाळं, म्हातारे, सगळे काचेवर टकटक करायचे. शेठनं खाणं सोडलं. एका कोपऱ्यात गोळा होऊन पडून राहायचा. दोन महिने झाले तशी अरुणनं ती पेटी मागच्या भुशाच्या खोलीत हलवली आणि एक अख्खा रविवार खपून पुन्हा नव्यानं लावली. तीन बाजूंच्या काचांना बाहेरून काळा कागद. खाली नारळाच्या काथ्याचा भुगा, जरा ओलसर. एका टोकाला उबेची गादी आणि तिच्यावर नजर ठेवणारा थर्मोस्टॅट, दुसरं टोक गार. आफ्रिकेच्या सापाला आपल्याकडे ऊब कशाला लागते, म्हणून मी हसलो. तर म्हणाला, थंडीत लागते, आणि उन्हाळ्यात उलट खिडकीला ओलं पोतं टांगावं लागेल. मग दोन मडकी आणली, दोन्हींच्या काठाला शेठपुरतं भोक पाडलं आणि एक उबेत, एक गारव्यात पालथं घातलं. मडकी इतकी लहान, की मी म्हणालो, अरे, यात त्याचा जीव गुदमरेल.

"नही दादा. आंग चारीमेर टेकनं पाह्यजे, तवय त्याले बरं वाटस. कोन्ही दखत नही, हाई त्याले समजनं पाह्यजे."

नवव्या दिवशी शेठनं उंदीर खाल्ला. अरुणचा चेहरा त्या दिवशी पाहण्यासारखा होता.

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं. आणि तरी, यंदा अरुण आजारी पडला आणि डॉक्टरांनी हात टेकून त्याला घरी पाठवलं तेव्हा मी त्याची खाट कुठे टाकली? पुढच्या खोलीत, जिथं आधी पेटी होती, तिथंच. आमच्याकडे आजारी माणूस पुढेच ठेवतात, भेटायला येणाऱ्यांची सोय म्हणून. लोक शहाळी घेऊन आले, सल्ले घेऊन आले, खाटेभोवती खुर्च्या मांडून तासन् तास बसले. एकदा सगळे गेल्यावर अरुणनं माझा हात धरला.

"दादा, माले मांगली खोलीमा लई जा ना."

"आरे, लोके काय म्हनतीन? भाऊले भुसानी खोलीमा टाकं म्हनतीन!"

दोन दिवसांनी त्यानं पुन्हा तेच मागितलं, तेव्हा मी रागावलो. त्यानंतर त्यानं पांघरूण डोक्यावरून घ्यायला सुरुवात केली. मला वाटलं, दिव्याचा त्रास होत असेल.

तेराव्यानंतर शेठची पेटी साफ करायची माझ्यावर आली. भीतभीत मडकं उचललं. खाली शेठ गोळा होऊन, डोकं आत खुपसून बसलेला… ती पाठ मी ओळखली. तीच पाठ मी अठरा दिवस पुढच्या खोलीत पाहत होतो, लोकांना चहा देत होतो. तेव्हापासून पुढच्या खोलीत मला बसवत नाही. भिंतीकडे वळलेलं कुणीतरी तिथं आहे, असं भरदिवसा वाटतं.

परवा गल्लीतले चार-पाच जण भेटायला आले. बसले, हळहळले. निघताना एकजण म्हणाला, "भाऊ, तो अरुणना साप दखाडा ना जरासा," आणि ते मागच्या खोलीकडे वळलेसुद्धा. मी दारात आडवा उभा राहिलो.

"नही. त्याले कोन्ही नको शे. जा तुम्ही आते."

माझा आवाज चढला होता. माणसं चपला घालून गेली. त्यांना वाईट वाटलं असेल, गावात बोलतीलही. मी दार लावून घेतलं आणि भुशाच्या पोत्यावर बसून राहिलो. एवढंच तर म्हणायचं होतं. तेव्हाही मला ते म्हणता येत होतं…