महापौरबाईंचं जास्तीचं मत

अंबूबाई तोंडाची फटकळ. दूधकट्ट्यावर तिची म्हैस उभी राहिली की पेठेतली भली भली माणसं पेले घेऊन गपगुमान थांबायची. गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसासकट पेला त्याच्या हातात द्यायचा, हा तिचा धंदा. आधी सासू करायची, नवरा गेल्यावर ही करायला लागली. म्हैस अशी खट की दुसऱ्या जागी पान्हाच सोडायची न्हाई. कट्टा गेला तर अंबूबाईचं पोट गेलं, एवढा सरळ हिशेब.

अशा बाईनं एकच चूक केली. गल्लीतली सून संयोगिता नगरसेविका झाली. महापौरपद पक्षातल्या बायकांनी पाळीपाळीनं भोगायचं ठरलं आणि पहिली पाळी हिची आली. अंबूबाईनं पाडव्याला सजवतात तशी म्हैस सजवली, शिंगांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, आणि मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं नेली.

"आपली पोरगी महापौर झाली की! आता कट्ट्याला कोण हात लावतंय बघू!" असं ओरडून ओरडून तिचा घसा बसला.

आणि थोड्याच दिवसांत कट्टा पाडून तिथं पार्किंग करायचा ठराव महासभेपुढं आला! अंबूबाई तडक महापौरांच्या दालनात घुसली.

"मावशी, महापौर म्हंजे नुसता मान असतोय," संयोगिता म्हणाली. "सभा चालवायची, पावण्यांचा सत्कार करायचा, फिती कापायच्या. कारभार सगळा आयुक्तांचा. माझ्या हातात काय न्हाई."

"मग खुर्ची कशाला अडवलीयास? उबवायला?"

"चहा घ्या आणि निघा, मावशी," बाजूला बसलेला तिचा नवरा, सम्राट, बोलला. पार्किंगचा ठेका त्याच्या मेव्हण्याला मिळणार, हे पेठेतलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगत होतं.

सभेदिवशी अंबूबाई प्रेक्षकांत जाऊन बसली. हात वर झाले, मोजले, तर दोन्हीकडं सारखेच! एकच कालवा उठला. सचिव म्हणाले, "महापौरांनी निर्णायक मत द्यावं."

"म्हंजे काय वो?" अंबूबाईनं शेजारच्याला विचारलं.

"मतं सारखी पडली की महापौराला एक मत जास्तीचं असतंय. आता बाई म्हणतील तसं."

"व्हय? म्हंजे हाय की हिच्या हातात!" तिचा जीव भांड्यात पडला.

संयोगितानं वर बघितलं. अंबूबाईकडं न्हाई, प्रेक्षकांतच तिच्यापासून चार खुर्च्या सोडून बसलेल्या आपल्या नवऱ्याकडं. त्यानं मान डोलावली.

"ठरावाच्या बाजूनं," ती म्हणाली.

"हलकट बाई!" अंबूबाई अशी कडाडली की शिपायांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. जिन्यावर बसून ती रडली. कट्टा गेला त्याहून ती मिरवणूक आठवून जास्त रडली.

कट्टा पाडायच्या आदल्या सकाळी महापौरबाई परगावच्या पावण्यांना घेऊन तिथंच आल्या. कोल्हापूरचं धारोष्ण दूध पाजायचं होतं, फोटोवाले सोबत होते.

"मावशी, पावण्यांना पेले भरून द्या की," संयोगिता गोड हसून म्हणाली.

म्हैस पान्हावली होती. अंबूबाई शांतपणे उठली, रेडकाचं दावं सोडलं आणि त्याला कासेला लावलं.

"महापौरबाई," ती म्हणाली, "माझ्या हातात काय न्हाई."

पावणे रिकामे पेले घेऊन उभे होते. रेडकू ढुशा देत चारी सड रिकामे करत होतं.