बाटल्या फक्त कौसाच्या हातात

कौसाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी क्रांती चौकात औषधांच्या दुकानात तिच्याच गोळ्या घेत उभी होते. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, आता राहू दे औषधं." दुकानदारानं माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि न विचारताच पिशवी परत घेतली. महिना होऊन गेला. रडू आलं ते थोडं, राग आला तो जास्त, आणि तो अजून उतरत नाही.

आत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, धाकटी बहीण. लग्न होऊन दोन वर्षांत नवरा वारला आणि ती आमच्याकडं आली. पोलीस ॲक्शननंतर अण्णांनी फुलंब्रीची शेती चुलत्यांवर सोपवून शहागंजाच्या मागं गोटीसोड्याचा कारखाना टाकला होता. कारखाना म्हणजे काय, एक खोली, एक यंत्र आणि जाड हिरव्या काचेच्या बाटल्या. धंद्याचा सगळा जीव त्या बाटल्यांत. नव्या बाटल्या लांबून यायच्या, लवकर मिळायच्या नाहीत; गिऱ्हाइकांकडून रिकाम्या परत आल्या नाहीत तर यंत्र बंद. आणि घरात शिरलेली बाटली सहजी बाहेर पडत नसे. कुणी तीत घासलेट भरून ठेवी, पोरं गोटीसाठी फोडत. गडी दारात गेला की पुरुषमाणसं "नहीं है" म्हणून त्याला वाटेला लावत, कारण बाटली असायची जनान्यात आणि तिथं गड्याला मज्जाव.

आत्याला तो नव्हता. ती पदर सावरत थेट आत जायची, कुणाचं बाळंतपण, कुणाचा रुसलेला जावई असं सगळं ऐकून घ्यायची आणि निघताना टोपली भरून आणायची. मग दुसरे सोडावाले आमच्या बाटल्या उचलायला लागले. तेव्हा तिनंच घरोघरी सांगून ठेवलं, माझ्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नका, माझा भाऊ आला तरी नाही. आमच्या घरात या हुशारीचं केवढं कौतुक... त्या बोलण्यानं तिनं स्वतःलाच कुलूप घातलंय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्याही नाही.

फुलंब्रीला बालवाडी निघाली आणि शिकवायला बाई हवी होती. आत्या सातवी शिकलेली. चुलत्यांनी निरोप धाडला, राहायला खोलीही मिळणार होती, तिची एकटीची. खिडकी कुणीकडं आहे हे तिनं निरोप आणणाऱ्याला पुन्हा पुन्हा विचारलं. अण्णा तिला कधीच नाही म्हणाले नाहीत, ही त्यांची खुबी. "जा की. एवढा उन्हाळा निघू दे," म्हणायचे. उन्हाळा सरला की रमजान, मग लग्नसराई, की पुन्हा ऊन तापलेलं. बालवाडीवाल्यांनी शेवटचं विचारलं तेव्हा मात्र आत्या म्हणाली, "भाऊ, मी आज निघते. वहिनी फिरंल टोपली घिऊन. लई दिस झालं आता."

वहिनी म्हणजे माझी आई. ती घरोघर फिरली आणि हात हलवत परतली. प्रत्येक दारात तेच, "तुमको नक्को बाजी, कौसाबी को भेजो. उनोच बोले थे, किसी को नक्को देना." आईनं शपथा घातल्या, काही उपयोग नाही. आठवड्यात यंत्र थांबलं. अण्णा फुलंब्रीला गेले आणि आत्याला घेऊन आले, दोन-चार दिवसांसाठी, गिऱ्हाइकांची घरं आईच्या हवाली करून द्यायला. आत्या आईला घेऊन सगळीकडं गेली, समजावून आली. बायकांनी माना डोलावल्या, बाटल्या दिल्या आणि पुढच्या खेपेला आईला पुन्हा रिकामं पाठवलं. बालवाडीनं थोडी वाट पाहिली, मग दुसरी बाई नेमली. तिची ट्रंक फुलंब्रीहून कुणीतरी बसवर चढवून दिली, ती उतरवून घ्यायला तीच गेली.

पुढं बूच लावलेली थंड पेयं आली, मग फेकून द्यायच्या प्लास्टिकच्या बाटल्या. कारखाना मिटला. अण्णा गेले. मी म्हटलं, "आत्या, आता तरी चल, राहा फुलंब्रीला." ती म्हणाली, "आता कोन वळखतंय मला तिथं?"

तेराव्यानंतर शहागंजातल्या रशीदाखाला आल्या. त्या काळी आत्या बाटल्यांना जायची त्यातल्या एका घरातली नवी सून, आता पणजी झालेल्या. म्हणाल्या, "सोडे के शीशे सबके घर में थे, बेटी. हम सब मिल के ठैराए थे, नै दिये तो कौसाबी फिर आएगी. तुम्हारी अम्मा कू मैं झूठ बोली."

मी विचारलं, आत्याला हे माहीत होतं का?

"हौ. मैंच बताई, भोत बाद में. टोकरी उठाई और चली गई."

अण्णांवर इतकी वर्षं पोसलेला राग आता कुठं ठेवावा ते मला कळेना. तिला अडवणाऱ्या सगळ्यांचा तिच्यावर जीव होता, आणि हे तिला ठाऊक होतं. भांडायचं कुणाशी?

तिची मागची खोली भावानं परवा रंगवायला काढली. आत्या त्या खोलीत बसलेली फारशी दिसायचीच नाही. दारात, चौकटीवर हात ठेवून उभी राहून बोलायची, निघायच्या बेतात असल्यासारखी. तिथला रंग तिच्या हाताच्या उंचीवर पार उडालाय. रंगाऱ्याला म्हटलं, तेवढं सोड. तो म्हणाला, "ताई, खराब दिसंल." म्हटलं, दिसू दे.