बरणीतला दगडमासा

शाळेच्या कार्यालयात आयुष्य घालवलेल्या माणसापाशी फायलींपेक्षा किस्सेच अधिक साचतात. फायलींना निदान वाळवी तरी लागते! मिरजगावच्या आमच्या शाळेत मी लेखनिक होतो. माझ्याजवळचे उत्तम किस्से बहात्तरच्या दुष्काळाच्या सुमाराचे, आणि ते सारे एका समुद्री माशाचे आहेत.

*

विज्ञानाचे आंबेरकर सर मालवणकडून रुजू झाले, ते एका हातात वळकटी आणि दुसऱ्या हातात फॉर्मालिनची बरणी घेऊन! बरणीत वीतभर लांबीचा, चामखिळींनी भरलेला, ओबडधोबड तपकिरी गोळा होता.

शिपाई कोंडिबाने बरणी उजेडात धरली. "सर, दगडाचं लोनचं घातलंय व्हय?"

*

सर रागावले नाहीत. म्हणाले, "कोंडिबा, ह्या माशाला ह्याहून मोठी दाद नाही!"

सरांनी सांगितले, किनाऱ्यालगतच्या खडकांत आणि प्रवाळात हा मासा तळाशी निश्चल पडून असतो. अंगावर शेवाळ वाढते, तरी हलत नाही. डोळे आणि तोंड वरच्या दिशेला. भक्ष्य जवळ आले की क्षणार्धात गिळतो. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण ग्रंथ मिळवून मी सारे पडताळून पाहिले. सरांचा एक शब्दही चुकला नव्हता!

मुख्याध्यापक तेवढे म्हणाले, "शेवाळ धरलेले दोघे आपल्या स्टाफरूममध्येही आहेत!"

*

त्याच्या पाठीवर विषारी काटे असतात, म्हणून सर त्याला चिमट्यानेच उचलीत.

"चावतो का वो?" कोंडिबाने विचारले.

"छे! तो आपण होऊन कुणाच्या वाटेला जात नाही. पाय पडला, तरच काटा टोचतो."

"आमचा सासरा असाच हाय, सर!"

*

दुष्काळात वर्ग ओस पडले. मुले आईबापांबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडू लागली. सर सायकलला बरणी बांधून तिथेच गेले आणि दुपारच्या सुट्टीत लिंबाखाली वर्ग भरवू लागले.

खडी फोडणारी सोनाबाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "मास्तर, हितं प्यायाला पानी न्हाई, अन् तुमी समिंदर शिकवताय?"

"बाई, ओहोटीत पाण्याबाहेर राहिला, तरी हा मासा कित्येक तास तग धरतो."

"मंग ह्यो आपल्याच तालुक्यातला की!"

दुसऱ्या दिवसापासून तिची मुलगी पहिल्या रांगेत बसू लागली.

*

लिंबाखालचा वर्ग शाळेचा म्हणून मंजूर झाला नसता, तर त्या मुलांचे वर्ष बुडाले असते. तपासणीला शिक्षण खात्याचे एक अधिकारी आले. बरणी पाहताच म्हणाले, "ज्यांनी समुद्र पाहिला नाही, त्यांना हा मासा कशाला?"

सरांनी साहेबांना आणि आमच्या मुख्याध्यापकांना क्षणभर पाठ फिरवायला सांगितले, चिमट्याने मासा बाहेर काढला आणि न फोडलेल्या दगडांच्या ढिगात ठेवला. "आता शोधा, साहेब. हात मात्र लावू नका!"

साहेबांनी चष्मा पुसला. ढिगाभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. मुख्याध्यापकांनीही हात टेकले. सारे कामकरी भोवती जमले. तेवढ्यात सोनाबाई पुढे आली आणि तिने हातोडीच्या दांड्याने मासा अलगद बाजूला सारला.

साहेब थक्क झाले. "बाई, तुम्ही मासा कसा ओळखलात?"

"मासा कुठं वळखला, सायेब? मला दगूड तेवढा वळखू येतो. दगूड नव्हता, त्यो बाजूला काढला. त्याला काय म्हनायचं, ते माज्या पोरीला शिकू द्या की!"